खांडस–भीमाशंकर एका दिवसात: चुका सकाळी होतात, नडतात संध्याकाळी

भीमाशंकरला कोकणातून चढणाऱ्या दोन वाटा कर्जत तालुक्यातल्या खांडसहून निघतात. गणेश घाट लांबचा, पण सोपा. शिडी घाट जवळचा, पण कड्याला चिकटून लोखंडी शिड्यांवरून जाणारा. पदरगडाच्या पायथ्याला पदरवाडीच्या सपाटीवर दोन्ही एकत्र येतात आणि पुढे अभयारण्याच्या दाट रानातून माथा गाठतात. वर जाऊन त्याच दिवशी खाली यायचं तर सुमारे 800 मीटर चढ आणि तेवढाच उतार. यात अचाट असं काही नाही. तरी लोक अंधारात अडकतात, आणि विचारलं की सांगतात, "उतरताना उशीर झाला." उतरताना नाही हो, निघतानाच झालेला असतो. संध्याकाळी फक्त कळतो.

वेळेचा हिशोब किलोमीटरवर करणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. नकाशात अंतर बघायचं, "ताशी चार किलोमीटर तर आरामात चालतो" म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक ठोकताळा मांडला, तो आजही वापरतात: सपाटीवर 5 किलोमीटरला एक तास, आणि चढाच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. म्हणजे या वाटेवर नुसत्या उंचीपोटीच एक तास वीस मिनिटं वाढतात. तीही धडधाकट, सराव असलेल्या माणसाची. त्यात आपला दमटपणा, पाठीवरची सॅक आणि दर वळणावरचे फोटो. गणेश घाटाने वर जायला पाच-सहा तास धरावेत.

मुंबईहून सकाळची लोकल पकडून कर्जत, तिथून कशेळेमार्गे खांडस, मग चहा-पोहे. चालायला लागेपर्यंत दहा वाजतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत त्याच्या बऱ्याच आधी पायाखालचं दिसेनासं होतं. त्यामुळे जाऊन-येऊन करायचं असेल तर आदल्या रात्रीच खांडसला मुक्कामाला जा आणि सहाला निघा. नाहीतर एकाच बाजूचा बेत आखा.

उशीर झालाच असेल तर? पदरवाडीत घड्याळ बघा. तिथे पोचायलाच दुपारचे बारा वाजून गेले असतील तर माथ्याचा नाद सोडा, वाडीत चहा घ्या आणि खाली फिरा. परत फिरायची वेळ घरीच ठरवा आणि सगळ्यांना सांगून ठेवा. वर गेल्यावर मतदान घेतलं की "आता आलोच आहोत तर" हा पक्ष नेहमी जिंकतो.

गाडी खांडसला लावून "येताना बघू" म्हणणं

वर पोचल्यावर पाय बोलायला लागतात आणि मग कुणीतरी विचारतं, खाली जायला गाडी मिळेल का? मिळते, पण ती मंचर-पुण्याकडची. भीमाशंकर घाटमाथ्यावर आणि खांडस कोकणात. डोळ्यांना समोर दिसणारं गाव रस्त्याने गाठायचं तर अख्खा सह्याद्री वळसा घालून ओलांडावा लागतो. गाडी खाली असेल तर पायीच उतरायचं आहे, हे चढतानाच लक्षात ठेवून निम्मी ताकद राखून ठेवा.

उतरायला शिडी घाट निवडू नका. चढताना पुढचा आधार नजरेसमोर असतो. उतरताना दमलेल्या पायाने न दिसणारी पायरी चाचपावी लागते. शिडीने चढा, गणेश घाटाने उतरा. पावसात मात्र शिडीचं नावच काढू नका. काही वेळा प्रशासनही ती वाट बंद ठेवतं.

नुसतं पाणी पिणं

दिवाळीनंतर ओढे आटत जातात. तीन लिटर पाणी हवंच, आणि उन्हाळ्यात तेही अपुरं. पण पाणी भरपूर पिऊनही दुपारी गोळे येतात, डोकं दुखतं, मळमळतं, कारण घामातून मीठ गेलेलं असतं आणि पोटात सकाळपासून बिस्किटांपलीकडे काही नसतं. अशा वेळी आणखी साधं पाणी पाजत राहू नका. ओआरएसची पुडी 1 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा (पेल्यात थोडी थोडी टाकून नाही), घोट घोट द्या आणि सावलीत बसवा. गोळा आलेला स्नायू हळू ताणा. कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा अंग तापलं, तर हे उन्हाचं गंभीर दुखणं आहे. कपडे ओले करा, वारा घाला, मदत मागवा.

गुळपोळी, शेंगदाण्याचा लाडू, ठेपला, खारे दाणे: दर तासाला थोडं तोंडात टाका. माथ्यावर जाऊन भरपेट जेवू हा बेत दिसतो छान, पण उतारावर तो पोटात दगडासारखा बसतो.

बूट

नवे बूट घालू नयेत, हे सगळ्यांना माहीत असतं. माळ्यावर काही वर्षं पडून राहिलेले बूट त्याहून फसवे असतात. अनेक बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेन असतं, ते हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतं. बाहेरून कोरा दिसणारा बूट अर्ध्या वाटेत तळवा सोडतो. आठवडाभर आधी घालून फिरा. सोल निघालाच तर केबल टाय किंवा चिकटपट्टीने गुंडाळा. ती सॅकमध्ये असायलाच हवी.

टाचेला चुरचुरलं की तिथेच थांबा आणि पट्टी चिकटवा. "पुढच्या टप्प्यावर बघतो" म्हणाल तोवर फोड आलेला असतो. उतार लागण्याआधी नाड्या घोट्यापाशी करकचून बांधा म्हणजे बोटं पुढे आदळत नाहीत.

ढोरवाट

रानात गुरांच्या वाटा माणसांच्या वाटांपेक्षा ठसठशीत असतात. त्या चरायला जातात, गावाला नाही. वाट झुडपात विरत चालली, बऱ्याच वेळात एकही खूण दिसली नाही, की पुढे "निघेल कुठेतरी" म्हणून जाऊ नका आणि ओढ्याने खाली तर मुळीच उतरू नका; सह्याद्रीतला ओढा बहुधा कड्यावर जाऊन संपतो. शेवटची खात्रीची जागा जिथे होती तिथवर मागे या.

रेंज येते-जाते. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाका; जीपीएस चालू राहतं, बॅटरी टिकते. खरंच हरवलात तर एका जागी थांबा, 112 लावून बघा आणि मिनिटाला सहा अशा शिट्ट्या वाजवा, मिनिटभर थांबून पुन्हा. प्रत्येकाकडे शिट्टी आणि हेडटॉर्च हवाच. मोबाइलचा उजेड धरून शिडी उतरता येत नाही, हात दोनच असतात.

कड्यांवर आग्या मोहोळं लटकलेली असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून लांब पळा, झटकत बसू नका.

शनिवार-रविवारी, श्रावणात आणि महाशिवरात्रीला दर्शनाची रांग कित्येक तास खाते. म्हणून एसटीने पुण्याकडे परतणार असाल तर वर पोचल्या पोचल्या आधी स्टँडवर जाऊन शेवटच्या गाडीची वेळ विचारा, मग रांगेत उभे राहा.