उपग्रह रडारने बर्फाची जाडी मोजताना: आधी ओल तपासा

सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाच्या प्रतिमा मोफत मिळत असल्यामुळे हिमालयातील बर्फाची जाडी हा विषय दुरून सोपा वाटतो. तो तसा नाही. सुमारे ५.५ सेंटिमीटर तरंगलांबीच्या सी-बँड लहरी कोरड्या बर्फातून जवळजवळ आरपार जातात, म्हणून जाडीचा माग व्हीएच आणि व्हीव्ही ध्रुवीकरणांच्या (उभ्या लहरी पाठवून परतलेल्या आडव्या आणि उभ्या लहरींच्या) गुणोत्तरातून काढावा लागतो. २०१९ मध्ये लीव्हेन्स हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोलार्धातील पर्वतांसाठी हेच केले. ही पद्धत खोल बर्फावर चालते. पातळ थरावर आणि दाट जंगलात तिचा भरवसा धरू नये.

माझे काम सर्वांत जास्त रखडले ते ओल्या बर्फापाशी. मार्चमध्ये मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात दुपारच्या उन्हाने वरचा थर पाझरू लागला की त्यातले पाणी लहरी शोषून घेते आणि परतीचा संकेत तीन डेसिबल (म्हणजे निम्म्यावर) किंवा त्याहूनही जास्त घसरतो. आकड्यांत बर्फ घटल्यासारखे दिसते, पण जागेवर मोजकाठी खुपसली तर जाडी जवळपास तेवढीच भरते. त्यात हा उपग्रह आरोही (दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या) कक्षेत संध्याकाळी सहाच्या आणि अवरोही (उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्या) कक्षेत सकाळी सहाच्या सुमारास जातो. संध्याकाळी ओला असलेला थर रात्रीतून गोठतो, त्याचे दाणे मोठे झालेले असतात आणि सकाळी संकेत उलट वाढलेला दिसू शकतो. दोन्ही कक्षा एकाच मालिकेत जोडल्या, तर आलेखाला करवतीचे दाते येतात आणि त्यांनाच हिमवृष्टी व वितळण समजण्याचा मोह होतो. त्यामुळे प्रत्येक कक्षेची मालिका स्वतंत्र ठेवा, त्याच कक्षेतील बर्फ नसतानाच्या प्रतिमेशी ताडून ओले पिक्सेल वगळा आणि मगच जाडीचे गणित करा. डेसिबल हे लघुगणकी माप आहे, म्हणून सरासरी डेसिबलची नव्हे, मूळ रेषीय मूल्यांची काढा.

तयार स्क्रिप्ट उचलून निकाल काढण्याला माझा ठाम विरोध आहे, कारण गूगल अर्थ इंजिन या उपग्रह प्रतिमांवर ऑनलाइन काम करण्याच्या सेवेवरील प्रतिमांत उतारामुळे बदलणारी तीव्रता दुरुस्त केलेली नसते. मार्गदर्शकही ज्याने स्वतः बर्फात खड्डा खणून थराथराची घनता मोजली आहे असाच शोधावा. आलेख पाहताच तो त्या दिवशीचे तापमान विचारतो.

धीर मात्र सोडू नका. डिसेंबर ते फेब्रुवारीत उंचावरचा बर्फ बहुतांशी कोरडा असतो. सुरुवात तिथूनच करा. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहाचा एल-बँड सुमारे २४ सेंटिमीटर तरंगलांबीचा असल्याने, परतलेल्या लहरीच्या कलेतील (तरंगचक्रातील स्थितीतील) बदलावरून बर्फ मोजणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत मोठ्या हिमवृष्टीवेळी कलेच्या पूर्ण फेऱ्या मोजण्यात चूक होण्याची भीती कमी होते. ओल्या बर्फाची अडचण तिथेही राहतेच, म्हणून उपग्रह जाण्याच्या वेळेची तापमाननोंद प्रत्येक प्रतिमेसोबत जोडून ठेवा.