मिटिंग बोलावण्याआधी काय ठरवायचं आणि संपवताना काय लिहायचं

मिटिंगचं इन्व्हाइट पाठवण्याआधी हे वाक्य पूर्ण करून बघा: "ही मिटिंग संपेल तेव्हा ______ ठरलेलं असेल." रिकामी जागा भरता येत नसेल तर मिटिंग नको. नुसती माहिती द्यायची असेल तरी मेल पुरे. आठ जणांना तासभर बसवलं की एका माणसाचा कामाचा अख्खा दिवस जातो, पण तो कुठल्याच बिलात दिसत नाही, म्हणून हा हिशेब कुणी मांडत नाही.

अजेंड्यात विषय लिहू नका, प्रश्न लिहा. नुसतं 'वेबसाइट' लिहिलं की कुणी रंगांबद्दल बोलायला येतो, कुणी सर्व्हरबद्दल. तेच 'नवी वेबसाइट १५ तारखेला सुरू करायची, की पेमेंटची चाचणी पूर्ण होईपर्यंत थांबायचं?' असं लिहिलं की लोक विचार करून येतात. प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी हव्यात: किती मिनिटं, कोण मांडणार आणि शेवटचा शब्द कोणाचा. तिसरी गोष्ट हमखास गाळली जाते. मग तासभर चर्चा होऊन सगळे उठले की कुणीतरी म्हणतं, "पण साहेबांना विचारलंय का?" निर्णय ज्याच्या हातात आहे तो येणार नसेल आणि त्याने दुसऱ्या कुणाला तसा अधिकारही दिला नसेल, तर सरळ तारीख बदला.

तासाभराला असे तीन प्रश्न खूप झाले. त्यातला सगळ्यात अवघड पहिला घ्या. सोपे मुद्दे आधी उरकू म्हटलं की तेच वेळ खातात. ब्रिटिश लेखक सायरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये अशी एक काल्पनिक समिती रंगवली होती: अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास वाद. अणुभट्टीतलं फारसं कुणाला कळत नव्हतं. शेडबद्दल मात्र प्रत्येकाला मत होतं.

निर्णय घ्यायचा असेल तर पाच ते सात माणसं ठीक. ज्यांना फक्त निकाल कळायला हवा त्यांना मिनिट्स (काय ठरलं याची लेखी नोंद) पाठवा, आणि तसं आधीच सांगा. न सांगता नाव गाळलं की माणूस दुखावतो, आणि पुढच्या वेळी तेवढ्यासाठी त्याला बोलवावं लागतं.

वाचायचं साहित्य आदल्या दिवशी पाठवा, पण सगळे वाचून येतील हे गृहीत धरू नका. पहिली पाच-दहा मिनिटं सगळ्यांनी तिथेच शांतपणे वाचावं. ॲमेझॉनमध्ये स्लाइड्सऐवजी सहा पानांपर्यंतचं टिपण असंच वाचलं जातं. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं खरं, पण 'थोडक्यात सांगतो' म्हणून चालणारं वीस मिनिटांचं भाषण टळतं.

वेळ ३० ऐवजी २५ मिनिटं आणि ६० ऐवजी ५० ठेवा, म्हणजे पुढच्या मिटिंगला लोक धापा टाकत येणार नाहीत. गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्येच ही सोय आहे. ठरल्या वेळी सुरू करा. उशिरा आलेल्यासाठी पहिल्यापासून सांगत बसलात, तर वेळेवर आलेले पुढच्या वेळी उशिरा येतील.

मिटिंग चालवणारा आणि टिपणं घेणारा वेगळे ठेवा. दोन्ही एकाकडे दिलं की एक काम नक्की बिघडतं. वरिष्ठांनी मत शेवटी द्यावं. त्यांनी आधी तोंड उघडलं की बाकीच्यांची मतं आपोआप जुळतात. विषय नाजूक असेल तर चर्चेआधी दोन मिनिटं प्रत्येकाला आपलं मत कागदावर लिहू द्या आणि सगळ्यात ज्युनिअरपासून वाचायला सांगा. "कुणाची काही हरकत?" असं विचारलं की शांतता पसरते आणि तिला होकार समजलं जातं. त्याऐवजी नाव घेऊन विचारा, "हे फसलं तर कशामुळे फसेल?" यावर गप्प बसणं अवघड जातं.

कुणी लांबण लावलं तर त्याचा मुद्दा एका वाक्यात परत म्हणा, "हेच ना?" विचारा, तो लिहिला जातोय हे दिसू द्या आणि पुढे सरका. बरेचदा माणूस आपलं म्हणणं पोहोचलं नाही असं वाटल्यामुळेच तेच तेच बोलत असतो. विषयाबाहेरचं निघालं तर 'नंतरचे मुद्दे' म्हणून बाजूला लिहून ठेवा. निम्मे खोलीत आणि निम्मे ऑनलाइन असतील, तर प्रत्येक प्रश्नावर आधी ऑनलाइन असलेल्यांना विचारा. खोलीतल्या गलक्यात त्यांना मध्ये शिरता येत नाही.

शेवटची सात मिनिटं राखून ठेवा. काय ठरलं ते मोठ्याने वाचा, कारण एकाच निर्णयाचे दोन अर्थ बहुधा इथेच उघडे पडतात. 'टीमने व्हेंडरशी बोलावं' ही नोंद बिनकामाची आहे. 'तीन व्हेंडरकडून लेखी कोटेशन – नीलिमा – गुरुवार, दुपारी ४' अशी हवी. एका कामापुढे एकच नाव. दोन नावं असली की दोघंही एकमेकांची वाट बघतात. तारीख ज्याची त्यानेच सांगावी. मिनिट्स त्याच दिवशी जाऊ द्या, एका पानात. कोणता पर्याय का नाकारला तेही एका ओळीत लिहा, नाहीतर महिन्याभराने तोच वाद नव्याने सुरू होतो.

दर आठवड्याची मिटिंग लावताना तिला शेवटची तारीख घाला, समजा दोन महिन्यांनंतरची. ती आली की मिटिंग आपोआप बंद. चालू ठेवायची असेल तर ज्याला हवी त्याने नवं इन्व्हाइट पाठवावं, आणि ते पहिलं वाक्य पुन्हा भरून.