सांगलीच्या बाजारातील आमची सध्याची पसंती आणि ती पारखून घेण्याची रीत

सांगलीत राहणाऱ्या माणसाला हळद कशी घ्यावी हे सांगायला जावे तर तो हसेल, आणि तरीही याच शहरातील कितीतरी स्वयंपाकघरांत बाहेरगावच्या कारखान्यातून आलेली पुडीतली हळद वापरली जाते. आमचा छोटा चमू घर, पेहराव, खाद्यपदार्थ आणि मुलांचे संगोपन या विषयांवर लिहितो. सध्या आमच्या पसंतीस उतरलेल्या वस्तूंपैकी बहुतेक सांगली जिल्ह्यात किंवा त्याच्या आसपासच तयार होतात. त्यांची नुसती नावे सांगून वाचकाचे काही साधत नाही, कारण एकाच नावाखाली उत्तम आणि टाकाऊ असा दोन्ही माल बाजारात असतो. म्हणून प्रत्येक वस्तू कोणत्या रूपात, केव्हा आणि काय पाहून घ्यावी, हे येथे दिले आहे. निवड करताना आम्ही एक कसोटी लावली: वस्तू अशा अवस्थेत मिळाली पाहिजे की घेणाऱ्याला ती हाताने, नाकाने आणि डोळ्यांनी तपासता येईल.

या कसोटीवर पहिला क्रमांक हळकुंडांचा लागतो. सांगली ही हळदीच्या व्यापाराची देशातील फार जुनी आणि मोठी पेठ असून सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हरिपूर परिसरात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. 2005 च्या महापुरात त्या पेवांचे मोठे नुकसान झाले. नवी हळद साधारणपणे जानेवारीनंतर शेतातून निघते. ती शिजवून, वाळवून आणि पॉलिश करून बाजारात येईपर्यंत फाल्गुन-चैत्र उजाडतो, आणि वर्षाची हळद भरून ठेवायची असेल तर हीच वेळ योग्य आहे. दुकानात राजापुरी हळकुंड मागावे. गड्डे, म्हणजे मुख्य कंद, हळकुंडांपेक्षा सहसा स्वस्त मिळतात, पण घरच्या वापरासाठी आम्ही हळकुंडेच घेतो.

चांगले हळकुंड कडक असते आणि मोडताना ते लवत नाही, तडकन तुटते. तुटलेल्या जागी रंग गडद नारिंगी-पिवळा आणि एकसारखा दिसला पाहिजे. मध्यभाग फिकट, पांढरट किंवा काळसर असेल तर ते बाजूला ठेवावे. बारीक छिद्रे दिसली तर कीड लागली आहे असे समजावे. हळकुंड वरून फारच झगझगीत पिवळे दिसत असेल आणि चोळताच बोटांना रंगाचा जाड थर लागत असेल, तर पॉलिश करताना वरून रंग दिला असण्याची शक्यता धरावी आणि दुसरे दुकान पाहावे. निवडलेली हळकुंडे घरी आणल्यावर दोन-तीन दिवस उन्हात ठेवून कांडप केंद्रावर न्यावीत आणि आधीच्या मिरचीचा अंश यंत्रात राहिलेला नाही, याची खात्री आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी. दळून आलेली पूड गरम असते. ती तशीच बरणीत भरली तर आत बाष्प धरते, म्हणून परातीत पसरून पूर्ण निवल्यावरच ती काचेच्या कोरड्या बरणीत भरावी आणि बरणी उजेडापासून दूर ठेवावी. तयार पूड घेण्यावाचून गत्यंतर नसेल तर एक सोपी चाचणी करता येते. पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाकून ती न ढवळता खाली बसू द्यावी. शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाण्याला फिकट पिवळी छटा येते; पाणी गडद पिवळे झाले तर कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा. ही चाचणी प्रयोगशाळेची जागा घेत नाही, पण दुकान बदलावे की नाही हे ठरवायला ती पुरेशी आहे.

बेदाण्याबद्दल थोडे सविस्तर सांगावे लागेल, कारण येथे रंगावर भुलण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तासगाव, मिरज आणि कवठेमहांकाळ या तालुक्यांत थॉमसन सीडलेस, तास-ए-गणेश, सोनाका अशा जातींच्या द्राक्षांपासून तो तयार होतो. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल यांच्या द्रावणात बुडवली जातात, कारण त्यामुळे सालीवरचा मेणचट थर सैल होऊन आतले पाणी लवकर उडते. मग शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत साधारण दोन आठवडे ती वाळतात. चार किलो द्राक्षांपासून सुमारे एक किलो बेदाणा निघतो, हे लक्षात ठेवले म्हणजे संशयास्पद स्वस्त माल ओळखायला मदत होते. पिवळाधमक बेदाणा बहुधा गंधकाची धुरी देऊन केलेला असतो, तर हिरवट बेदाण्याचा रंग शीतगृहात चांगला टिकतो. दिवाळीच्या तोंडावर बाजारात येणारा माल बहुतेक वेळा शीतगृहातूनच आलेला असतो आणि त्यात काही गैर नाही.

आमची पसंती मार्च-एप्रिलमधल्या नव्या हिरवट बेदाण्याला आहे. मूठभर बेदाणा हातात घेऊन आवळावा आणि मूठ उघडावी: दाणे पुन्हा सुटे झाले तर ओलावा बेताचा आहे, आणि गोळा तसाच राहिला तर माल ओलसर आहे व तो घरी आंबण्याची भीती आहे. एखादा दाणा चावून पाहावा. तो आंबट-गोड आणि मऊ लागावा, चिवट नसावा, आणि नाकाजवळ नेल्यावर गंधकाचा उग्र वास येऊ नये. देठ आणि काड्या राहिल्या असतील तर त्या वजनात मोजल्या जातात, हेही दुकानदाराला हसतमुखाने सांगावे. घरी आणल्यावर हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवला तर बेदाण्याचा रंग बरेच महिने उतरत नाही. वापरण्यापूर्वी तो कोमट पाण्याने दोनदा धुऊन घेणे मात्र टाळू नये.

भडंगाविषयी सांगलीकरांना काही शिकवण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एवढेच नमूद करतो की भडंगासाठीचे चिरमुरे वेगळे, जाड आणि टपोरे मागून घ्यावेत आणि फोडणीत घालण्यापूर्वी ते कोरड्या कढईत मंद आचेवर इतके गरम करावेत की बोटांनी दाबताच चुरा व्हावा. लसूण सालीसकट ठेचून तेलात पूर्ण कुरकुरीत होऊ द्यावा, कारण ओला राहिलेला लसूण दुसऱ्याच दिवशी सगळे भडंग मऊ करतो. हळद, तिखट आणि मीठ आच बंद केल्यावर घालावे. पिठीसाखर अगदी शेवटी, आणि तीही चिमूटभरच. या चिमटीवरून आमच्या चमूत दोन तट आहेत आणि ते मिटण्याची चिन्हे नाहीत.

पेहरावात सध्या आमच्या सर्वांच्या पायांत कोल्हापुरी चप्पल आहे. नाव कोल्हापूरचे असले तरी 2019 मध्ये तिला मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड व विजापूर या चार जिल्ह्यांना मिळून लागू आहे. जून 2025 मध्ये मिलानमधील प्राडाच्या फॅशन शोमध्ये तशाच धाटणीच्या चपला दिसल्या, मूळ कारागिरांचा उल्लेख नसल्याबद्दल ओरड झाली आणि नंतर कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली. तेव्हापासून मागणी वाढली आणि तिच्यासोबत रेक्झिनच्या नकलाही वाढल्या. अस्सल चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांसारख्या वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेले असते, तळाचे थर कातड्याच्या वादीने शिवलेले असतात आणि त्यात खिळे नसतात. घेताना चप्पल उलटी करून तळाची शिवण पाहावी, कडेला थर सुटे सुटे दिसतात का ते पाहावे आणि वास घ्यावा. कातड्याचा वास मातकट असतो, रेक्झिनचा रासायनिक.

मापाच्या बाबतीत लोकांची फसगत होते. नवी चप्पल पायाला किंचित घट्ट बसली पाहिजे, कारण पट्टा वापराने सैल होतो; दुकानातच ऐसपैस वाटलेली चप्पल महिन्याभरात पायातून निसटू लागते. पट्ट्याच्या आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूला एरंडेल किंवा खोबरेल तेलाचा हलका हात फिरवून ती रात्रभर ठेवावी आणि पहिले काही दिवस घरातल्या घरात थोडा थोडा वेळ वापरावी. पावसाळ्यात ती सरळ कपाटात जावी, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे, कारण कोंडलेल्या दमटपणात कातड्याला बुरशी येते; जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली चप्पल सुरक्षित राहते. चुकून भिजलीच तर उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी.

इरकल साडीबद्दल एवढेच सांगायचे आहे की कापड पेठेत हातमागाची म्हणून दाखवलेली प्रत्येक साडी हातमागाची नसते. पदर आणि अंग जिथे जुळतात ती जागा उलगडून मागच्या बाजूने पाहावी; हातमागावरच्या पारंपरिक इरकलीत दोन वेगळे ताणे फासे अडकवून जोडलेले असतात आणि तो जोड बोटाला जाणवतो. काठाजवळ ठरावीक अंतराने सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसली तर तीही हातमागाची खूण समजावी. यंत्रमागाची साडी वाईट असते असे नाही, पण तिला हातमागाची किंमत देऊ नये.

घरासाठी आमच्या यादीत दोनच वस्तू आहेत. पहिली घोंगडी: आटपाडी, जत आणि शेजारच्या माण भागातील दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची, हातमागावर विणलेली आणि चिंचोक्याची खळ दिलेली. नवी घोंगडी अंगाला टोचते, म्हणून बाळाला थेट तिच्यावर न निजवता वर सुती चादर अंथरावी. ती वारंवार धुऊ नये, झटकून उन्हात टाकावी आणि ठेवताना घड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. दुसरी वस्तू म्हणजे द्राक्षबागांत वापरले जाणारे जाळीदार प्लॅस्टिकचे क्रेट. ते एकावर एक रचता येतात, त्यात हवा खेळती राहते आणि भरलेले असतानाही ते उचलून माडीवर नेता येतात. कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 फुटांवर गेली की धोका, हे गणित ज्यांना पाठ आहे, त्यांना या शेवटच्या गुणाचे मोल वेगळे सांगायला नको. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर चढले आणि भुशाच्या फळ्यांची कपाटे फुगून निकामी झाली. नदीकाठच्या भागात तळमजल्यावर असे फर्निचर घेऊच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. क्रेट मात्र नवेच घ्यावेत, कारण जुन्यांना फवारणीच्या औषधांचा अंश लागलेला असू शकतो.

याच क्रेटमध्ये मुलांची खेळणी ठेवता येतात, आणि खेळणी घेताना आयएसआय चिन्ह पाहण्याची सवय लावून घ्यावी. 1 जानेवारी 2021 पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. अशा हातच्या लाकडी खेळण्यांवर चिन्ह नसेल तर रंग ओल्या फडक्याने घासून पाहावा, कडा बोटांनी तपासाव्यात आणि सुटा होऊ शकेल असा लहान भाग तोंडात जाण्याजोगा नाही ना, हे पाहावे.

वर ज्या पदार्थांची आम्ही शिफारस केली, ते सर्वच तान्ह्या मुलांसाठी नाहीत. बेदाणा लहान बाळाला अख्खा देऊ नये. भिजवून, कुस्करून खिरीत किंवा नाचणीच्या सत्त्वात घालावा. द्राक्ष गोल असल्यामुळे घशात अडकते, म्हणून ते उभे चिरून चार फोडी करून द्यावे. भडंगातले शेंगदाणे मूल पाच वर्षांचे होईपर्यंत अख्खे देऊ नयेत. महाबळेश्वरचा मध कितीही शुद्ध असला तरी एक वर्षाच्या आतील बाळाला चाटवू नये, कारण मधात क्वचित असणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. घरातील आजींना हे सांगताना शब्द जपून वापरावेत, परंतु निर्णय बदलू नये.

शेवटची शिफारस बाजारात सहज मिळते आणि रस्त्यावर मात्र क्वचित दिसते: लहान मुलांचे हेल्मेट आणि दुचाकीवर मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना ही दोन्ही साधने वापरणे आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत ठेवणे फेब्रुवारी 2023 पासून बंधनकारक आहे, आणि चार वर्षांवरील मुलाला हेल्मेटची सक्ती मोठ्यांप्रमाणेच आहे. पट्टा 30 किलोपर्यंत वजन पेलणारा, समायोजित करता येणारा आणि खांद्यावरून जाणारे दोन बंद असलेला असावा. हेल्मेट घेण्यासाठी मुलाला दुकानात नेणे उत्तम. ते शक्य नसल्यास भुवयांच्या थोडे वर शिंप्याची टेप धरून डोक्याचा घेर मोजावा आणि ते माप घेऊन जावे. घालून पट्टी लावल्यावर मुलाला मान जोरात हलवायला सांगावे, आणि हेल्मेट कपाळावर घसरले तर लहान माप मागावे; पुढच्या वर्षीही बसेल या हिशेबाने मोठे हेल्मेट घेऊ नये.