समुद्री स्पंजातलं औषध कसं शोधतात: सराव आमच्या मामा तलावावर

२०१६ साली माझ्या भाच्याला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला. नागपूरला त्याच्या खाटेशी बसले असताना सलाईनवरच्या औषधाचं नाव मी वहीत उतरवून घेतलं: सायटाराबिन. घरी येऊन शोधलं, तर त्याचं मूळ फ्लोरिडाजवळच्या समुद्रातल्या एका स्पंजात निघालं. १९५० च्या सुमारास वर्नर बर्गमन यांना त्या स्पंजात काही वेगळेच न्यूक्लिओसाइड, म्हणजे डीएनए ज्यांपासून बनतो तसे ठोकळे, सापडले होते. नेहमीच्या साखरेच्या जागी त्यांत अरॅबिनोज होती. त्या नमुन्यावरून प्रयोगशाळेत बनवलेलं सायटाराबिन १९६९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. कर्करोगाची पेशी हा खोटा ठोकळा खरा समजून डीएनएत बसवते आणि तिथंच अडकते. मी साकोली तालुक्यात जीवशास्त्र शिकवते. स्पंज हा प्राणी आहे, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण माझ्या बहिणीच्या पोराशी त्याचं असं नातं असेल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. भाचा आता आयटीआयला जातो.

तेव्हापासून दर हिवाळ्यात मी बारावीच्या मुलांकडून या शोधाची पहिली पायरी करवून घेते. नागपूरहून मुंबईचा समुद्र आठशे किलोमीटर, आणि आम्ही नागपूरच्याही पूर्वेला. तरी हात बसवायला समुद्र लागत नाही. गोड्या पाण्यातही स्पंज असतात. एच. जे. कार्टर या डॉक्टरांनी १८४० च्या दशकात मुंबईच्या तलावांतले स्पंज अभ्यासले होते. आमच्याकडे तर गावोगावी मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आहेत.

आधी कोणता जीव उचलायचा ते ठरवा. एका जागी चिकटलेला, मऊ, कवच नाही, काटे नाहीत, पळता येत नाही, तरीही त्याला कुणी खात नाही, असा जीव पाहिला की थांबायचं. त्याचं संरक्षण रसायनं करत असणार. समुद्री स्पंज तसाच. कॅरिबियन समुद्रात खारफुटीच्या मुळांना लटकणारा समुद्री पिचकारी नावाचा प्राणीही तसाच; त्याच्यातून ट्रॅबेक्टेडिन हे कर्करोगाचं औषध आलं. हिंदी महासागरातल्या समुद्री सशावरून, म्हणजे एका मऊ गोगलगायीवरून, आधी डोलास्टॅटिन हे रसायन मिळालं आणि त्याच्या धर्तीवर लिम्फोमाचं, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचं, एक औषध २०११ मध्ये बाजारात आलं.

तलावातला स्पंज बुडालेल्या फांद्यांवर आणि शिंगाड्याच्या मळ्यातल्या काठ्यांवर मिळतो. राखाडी किंवा हिरवट पापुद्रा, बोटाला खरखरीत, आणि वास उग्र. तलावावर मासे धरणाऱ्या आमच्या ढिवर भावांनी पहिल्यांदा फांदी हातात दिली तेव्हा म्हणाले, "बाई, हे त पान्यातलं शेवाळ होय." खात्री करायला चिमूटभर तुकडा ब्लीचमध्ये टाका. मांस विरघळतं आणि काचेच्या सुया उरतात, त्या सूक्ष्मदर्शकात स्वच्छ दिसतात. याच सुयांमुळे कातडीला खाज सुटते, डोळ्याला त्रास होतो. हातमोजे घालूनच काम करायचं.

तलाव मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं असतो, म्हणून त्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. फांदीवरचा थोडाच तुकडा घ्या, बाकीचा राहू द्या. कोकणात सहलीला गेलात तर प्रवाळ आणि समुद्री काकडीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि मालवणला सागरी अभयारण्य आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

नोंदवहीवर मी सगळ्यात जास्त अडून बसते. तारीख, तलाव, खोली, कशाला चिकटला होता, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो, आणि स्पिरिटमध्ये ठेवलेला एक तुकडा. बाटलीवर पेन्सिलीनं क्रमांक टाका, कारण शाई स्पिरिटमध्ये उतरते. अर्क गुणकारी निघाला आणि तोच जीव पुन्हा सापडला नाही, तर सगळी मेहनत पाण्यात.

आता अर्क. स्पंज बारीक चिरून रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, गाळा, पसरट भांड्यात सावलीत उडू द्या. आसपास बर्नर, स्टोव्ह काही नको. उन्हातही ठेवू नका, उष्णतेनं नाजूक रेणू मोडतात. म्हणूनच हे काम आम्ही डिसेंबरात करतो. तळाशी उरलेला चिकट थर १०० मिलिग्रॅम तोलून १० मिलिलिटर स्पिरिटमध्ये विरघळवा. यातला १ मिलिलिटर १० मिलिलिटरपर्यंत पातळ करा, आणि त्यातला १ पुन्हा तसाच. अशा तीन बाटल्या झाल्या.

चाचणीला आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली इवलीशी कोळंबी. अर्कानं तिची पिल्लं मेली, तर त्यात पेशींना मारणारं काही असू शकतं. तिची अंडी नागपूरला ॲक्वेरियमच्या दुकानात माशांच्या पिल्लांचं खाद्य म्हणून मिळतात. ही पद्धत अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८२ मध्ये मांडली, आणि साध्या प्रयोगशाळेला ती झेपते. लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम आयोडीन नसलेलं खडेमीठ, त्यावर अंडी, वर दिवा. थंडी असेल तर दिव्याची ऊब लागतेच. दीड-दोन दिवसांत पिल्लं पोहू लागतात. एका बाजूनं टॉर्च लावला की सगळी उजेडाकडे धावतात. तिथून ड्रॉपरनं उचला.

प्रत्येक बाटलीतला अर्धा मिलिलिटर छोट्या कुपीत टाकून पूर्ण वाळवा, मग ५ मिलिलिटर खारं पाणी आणि दहा पिल्लं. असं केल्यावर कुप्यांत मिलिलिटरमागे १०००, १०० आणि १० मायक्रोग्रॅम अर्क येतो. प्रत्येक प्रमाणाच्या तीन कुप्या, आणि तीन कुप्या नुसतं स्पिरिट वाळवलेल्या. चोवीस तासांनी भिंगाखाली जिवंत मोजा. नुसत्या स्पिरिटच्या कुपीत एकाहून जास्त मेली, तर ती चाचणी रद्द.

पहिल्या वर्षी आमच्या सगळ्याच कुप्यांतली पिल्लं मेली. मुलांनी आनंदानं टाळ्या वाजवल्या आणि मला घाम फुटला. नळाच्या पाण्यात त्या सकाळी ब्लीचिंग पावडर पडली होती. आता मी पाणी दोन दिवस उघडं ठेवते. दुसरा घोटाळा धानाच्या बांध्यांचा, म्हणजे भातशेताचा. स्पंज दिवसभर पाणी गाळत बसतो, त्यामुळे फवारणीचं औषध तलावात उतरलं असेल तर ते त्याच्यातही येऊ शकतं. म्हणून स्पंज ज्या फांदीवर होता तिच्या सालीचाही अर्क काढा आणि सोबत लावा.

पिल्लं मेली म्हणजे औषध सापडलं का? नाही. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, भिजवलेल्या पाण्यातही आमची पिल्लं मेली होती. ती कुपी मी मुद्दाम वर्गात फिरवली. ही फक्त पहिली चाळणी. खरा शोध यानंतर सुरू होतो. अर्क माणसाच्या कर्करोगाच्या पेशींवर लावतात आणि निरोगी पेशी वाचतात का, तेही बघतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेकडे यासाठी साठ पेशीवाणांचा, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या कर्करोग-पेशींच्या प्रकारांचा, संच आहे. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात पेशीवाणांचं भांडार आहे. मग अर्काचे भाग पाडतात, जो भाग पेशी मारतो त्याचे पुन्हा भाग, असं करत एका रेणूपर्यंत पोहोचतात. मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रावर रेणूचं वजन पाहून तो आधीच माहीत असलेला तर नाही ना, हे तपासतात. एनएमआर या चुंबकीय यंत्रावर त्याची रचना उलगडते.

आणि मग पुरवठ्याचा प्रश्न. १९८६ मध्ये जपानी संशोधकांना एका काळ्या स्पंजात हॅलिकॉन्ड्रिन-बी हे कर्करोगाच्या पेशी मारणारं रसायन सापडलं. पुढे न्यूझीलंडच्या समुद्रातून दुसऱ्या जातीचा टनभर स्पंज काढला, तेव्हा जेमतेम ३०० मिलिग्रॅम हाती आलं. त्यावर किती रुग्ण जगणार? रसायनशास्त्रज्ञ योशितो किशी यांनी १९९२ मध्ये तो अवाढव्य रेणू प्रयोगशाळेत बांधून दाखवला. मग कळलं, की अर्धा रेणूही तेच काम करतो. तो अर्धा रेणू म्हणजे एरिब्युलिन. २०१० पासून ते पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर दिलं जातं. सापडल्यापासून रुग्णापर्यंत चोवीस वर्षं. समुद्री पिचकारीचं औषधही आता एका जिवाणूला वाढवून, त्याच्या रसायनापासून बनवतात. तो प्राणी ओरबाडावा लागत नाही.

उरलेला अर्क कुलपात ठेवा आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहा. हे मी कळकळीनं सांगते. आमच्या प्रयोगाची गोष्ट गावभर झाली, तेव्हा शेजारच्या काकू संध्याकाळी ओसरीवर येऊन बसल्या. काकांच्या गालात खर्ऱ्यानं झालेली जखम तीन महिने भरत नव्हती. त्यांनी पदराखालून रिकामी बाटली काढली आणि म्हणाल्या, "बाई, थोडसंच द्या." मी बाटली परत त्यांच्या हातात दिली, पिण्यासारखं त्यात काही नाही हे समजावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघांना घेऊन नागपूरला तपासणीला गेले.