फोन नंबर बदलला की नोंदणीची तारीखही बदलते
मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ आवृत्तीत ग्राहकाचा नुसता फोन नंबर अपडेट केला, तरी नोंदणीची वेळ आत्ताची होत होती. टेबलची रचना दाखवणारी ‘शो क्रिएट टेबल’ ही कमांड चालवल्यावर नोंदणीच्या वेळेच्या कॉलमपुढे ‘ऑन अपडेट करंट टाइमस्टॅम्प’ दिसलं, म्हणजे ओळीत काहीही बदललं की इथे आत्ताची वेळ भर. ते कोणी लिहिलेलं नव्हतं. टेबलमधल्या पहिल्या टाइमस्टॅम्प (तारीख-वेळ ठेवणाऱ्या) कॉलमला नल (रिकामं चालेल) किंवा डीफॉल्ट (आपोआप भरायची किंमत) स्पष्ट दिला नसेल, तर ५.७ हे शेपूट स्वतःच जोडतं. ८.० पासून नव्या टेबलांना ते लागत नाही, पण अपग्रेड केल्याने जुन्या टेबलांचं निघतही नाही.

तात्पुरतं भागवायला अपडेटच्या ‘सेट’मध्ये त्या कॉलमला त्याचीच किंमत दिली. नंतर ‘ऑल्टर टेबल’मध्ये ‘मॉडिफाय’ने कॉलम ‘टाइमस्टॅम्प नॉट नल डीफॉल्ट करंट टाइमस्टॅम्प’ एवढाच ठेवला. ५.७ मध्ये इथे डीफॉल्ट गाळलात तर शेपूट परत येतं. बिघडलेल्या तारखा बॅकअपमधूनच आणाव्या लागल्या.