आपला लोकसभा मतदारसंघ नीट समजून घ्यायचा कसा, धुळ्याचं उदाहरण घेऊन

धुळ्याहून मुंबई-आग्रा रोडने मालेगावकडे निघालं की आर्वी मागे पडतं, पुढे झोडगे येतं आणि तिथे जिल्हा बदलतो, नाशिक जिल्हा सुरू होतो. पण लोकसभा मतदारसंघ काही बदलत नाही, तो तसाच मालेगाव ओलांडून पार सटाण्यापर्यंत जातो. उलट शिरपूर आणि साक्री आपल्याच धुळे जिल्ह्यातले तालुके, पण तिथले लोक मत देतात नंदुरबारच्या खासदाराला. हे माहीत नसेल तर निकालावर कितीही चर्चा करा, पाया कच्चाच राहतो. म्हणून सांगतोय, स्वतःच्या मतदारसंघाची कुंडली स्वतः मांडा, दोन-तीन रविवार जातील पण काम कायमचं होतं.

सुरुवात मतदार यादीपासून करा. निवडणूक आयोगाच्या साइटवर आपल्या भागाची यादी पीडीएफमध्ये मिळते. बहुतेक जण आपलं नाव शोधून बंद करतात, पण खरा माल पहिल्या पानावर असतो. विधानसभेचा नंबर आणि नाव, ती राखीव आहे का, कोणत्या लोकसभेत येते, यादीचा भाग क्रमांक, त्या भागात कोणत्या गल्ल्या आणि वस्त्या, मतदान केंद्र कोणत्या शाळेत, पुरुष किती महिला किती, सगळं एका पानावर. धुळ्यातल्या गल्ली नंबरवाल्या जुन्या भागाचं हे पान आणि देवपूरचं पान शेजारी ठेवून बघा, वस्ती कशी बसलीय ते कळायला लागतं.

आता सीमा. महाराष्ट्रात २८८ विधानसभा आणि ४८ लोकसभा, म्हणजे एका लोकसभेत ६ विधानसभा. धुळ्यात ६ नंबर धुळे ग्रामीण, ७ धुळे शहर, ८ शिंदखेडा, आणि मग एकदम ११४ मालेगाव मध्य, ११५ मालेगाव बाह्य, ११६ बागलाण (म्हणजे सटाणा तालुका). ८ वरून ११४ वर उडी का, कारण नंबर जिल्ह्यांप्रमाणे पडतात आणि इथे मतदारसंघ जिल्ह्याची हद्द ओलांडतो. नेमकी रेषा कुठून जाते ते २००८ च्या परिसीमन आदेशात, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आखून देणाऱ्या आदेशात सापडतं. त्यात तालुका, महसूल मंडळ, सजा (एका तलाठ्याकडची गावं) आणि महापालिकेचे वॉर्ड अशा भाषेत लिहिलेलं असतं, वाचायला रुक्ष आहे, पण तालुक्याचा नकाशा शेजारी घ्या आणि पेन्सिलने रेघ मारत जा. एक लक्षात ठेवा, त्यातले वॉर्ड २००१ च्या जनगणनेतले आहेत, आजच्या नगरसेवकांच्या प्रभागांशी ते जुळणार नाहीत.

इतिहास बघताना सगळ्यात मोठी चूक इथेच होते, मी पण केली होती. मी २००४ आणि २००९ चे धुळ्याचे आकडे एका रांगेत लावून कोणाची मतं किती वाढली ते काढत बसलो होतो. नाव एकच असलं तरी ते दोन वेगळे मतदारसंघ आहेत! २००४ पर्यंतच्या सीमा १९७१ च्या जनगणनेवर आखलेल्या होत्या, तेव्हा धुळे अनुसूचित जमातीसाठी राखीव होता आणि मालेगाव ही स्वतंत्र लोकसभा होती, ती पण राखीव. २००८ ला मालेगाव लोकसभा गेली, दिंडोरी नवीन आली, धुळे खुला झाला आणि मालेगावचे दोन्ही मतदारसंघ धुळ्याला जोडले गेले. तिकडे जळगाव जिल्ह्यात एरंडोल लोकसभा गेली आणि रावेर आली, रावेरमध्ये तर बुलढाणा जिल्ह्याचं मलकापूर पण आहे. त्यामुळे तुलना करायची तर २००९, २०१४, २०१९, २०२४ एवढ्यातच करा. त्याआधीचं सगळं संदर्भ म्हणून जरूर वाचा, आयोगाचे प्रत्येक निवडणुकीचे सांख्यिकी अहवाल मिळतात. १९५७ ला जनसंघाचे देशात फक्त ४ खासदार आले, त्यातले एक उत्तमराव पाटील आपल्या धुळ्याकडचे, हे आज किती जणांना ठाऊक आहे.

आता फॉर्म २०, म्हणजे केंद्रनिहाय निकालाचा तक्ता, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा कागद. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर प्रत्येक विधानसभेची वेगळी शीट असते, डावीकडे मतदान केंद्राचा नंबर, पुढे प्रत्येक उमेदवाराची मतं, मग नोटा, शेवटी बेरीज. पीडीएफ पुष्कळदा स्कॅन केलेली असते, मग एक्सेलमध्ये हाताने टाइप करावं लागतं, कंटाळा करू नका, टाइप करतानाच आकडे डोक्यात बसतात. टपाली मतं केंद्रनिहाय नसतात, ती वेगळी धरा.

हे का करायचं ते २०२४ वरून बघा. काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना ५,८३,८६६ मतं, भाजपचे सुभाष भामरे यांना ५,८०,०३५, फरक फक्त ३,८३१. भामरे ६ पैकी ५ विधानसभांत पुढे होते, पण एकट्या मालेगाव मध्यने बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली. आणि २०१९ ला हेच भामरे २,२९,२४३ मतांनी जिंकले होते. सगळे मालेगाव मध्यचंच बोलतात, पण तो अर्धाच हिशोब झाला, बाकीच्या ५ ठिकाणी मिळून भामरेंची आघाडी १ लाख ९० हजारांच्या आसपासच अडकली म्हणून निकाल फिरला, आणि ती कुठे कमी पडली हे फक्त केंद्रनिहाय शीट सांगते. मात्र दोन निवडणुकांची केंद्रं नंबरवरून जुळवू नका, मतदार वाढले की केंद्र फुटतं आणि पुढचे सगळे नंबर सरकतात. शाळेचं नाव आणि खोली बघून जुळवा.

लोक कोण आहेत यासाठी २०११ ची जनगणना. गाव आणि वॉर्डनिहाय अनुसूचित जाती-जमातींची संख्या, साक्षरता, कामधंदा मिळतो. मालेगाव शहर लोकसंख्येने धुळ्यापेक्षा मोठं आहे हे तिथे स्पष्ट दिसतं, म्हणजे यंत्रमागाचं मोठं शहर आपल्या मतदारसंघात आहे, आणि त्याच्याच शेजारी बागलाणचा कांदा-डाळिंबाचा शेतकरी. अर्धा खान्देश आणि अर्धा कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा हा पट्टा) असा हा मतदारसंघ. भाषेच्या तक्त्यात अहिराणी शोधताना 'खानदेशी' या नावाखाली बघा, तिथे सापडेल. आणि कळकळीची विनंती, मतदार यादीतल्या आडनावांवरून जाती मोजू नका, आपल्याकडे एकच पाटील आडनाव किती समाजांत आहे ते सगळ्यांना माहीत आहे, आकडा चुकतो आणि त्यावरून माणसं एकमेकांपासून तुटतात.

हे काम आत्ताच करून ठेवायचं कारण म्हणजे लोकसभेच्या जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे, पुढे कधीतरी रेषा पुन्हा आखल्या जातील. मागच्या वेळी परिसीमन आयोगाने आधी कच्चा प्रस्ताव छापून हरकती मागवल्या होत्या, जाहीर सुनावण्या घेतल्या होत्या. पुन्हा तशी वेळ आली तर 'आमच्या गावावर अन्याय झाला' एवढं लिहून भागणार नाही, गावाचं नाव, मंडळ, सजा, लोकसंख्या आणि बाजाराला, दवाखान्याला लोक कोणत्या गावी जातात हे सगळं मांडावं लागेल. तुमच्या एक्सेलमध्ये त्यासाठी एक जास्तीचा कॉलम आजच टाकून ठेवा.