मदरबोर्ड मागवण्याआधी: ओव्हरक्लॉकिंगची तयारी

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. त्यासाठी बोर्ड बघायला बसण्याआधी कागद-पेन घ्या आणि तीन गोष्टी लिहा. प्रोसेसर कोणता, तो पूर्ण लोडवर किती वॅट खाणार, आणि कूलर त्यातली किती उष्णता काढू शकणार. हे आकडे हाताशी नसले की माणूस खोक्यावरच्या चित्राला आणि आरजीबी दिव्यांना भुलतो. मी भुललो होतो.

वॅटचा हिशोब आजच्या वेगावर करू नका, तुम्हाला जिथे पोचायचंय त्यावर करा. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. समजा ५.० गिगाहर्ट्‌झला १.२० व्होल्टवर २०० वॅट लागतात. ५.३ साठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले, तर वेग वाढला ६ टक्के आणि वीज गेली साधारण २६८ वॅटवर. सहा टक्क्यांसाठी तिसरा हिस्सा जास्त वीज! हे गणित पाहून इथेच बेत रद्द केलात तरी काही बिघडत नाही.

बेत कायम असेल तर आता चिपसेट, म्हणजे बोर्डावरची ती चिप जिच्यावरून ओव्हरक्लॉकिंग करता येईल की नाही ते ठरतं. इंटेलच्या बाजूला नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड अशी जोडी लागते. बी७६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर (मूळ घड्याळाला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) मात्र हलत नाही. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर बी६५० सुद्धा पुरतो, ए६२० टाळा. रायझन ७ ७८००एक्स३डी सारख्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर बांधलेला असतो. तिथे कर्व्ह ऑप्टिमायझरवरच, म्हणजे त्याच वेगाला लागणारं व्होल्टेज कमी करणाऱ्या सेटिंगवरच, काय ती करामत.

आता खरा मुद्दा, व्हीआरएम. एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला सव्वा व्होल्टच्या आसपास देणारा हा भाग. २५० वॅट सव्वा व्होल्टवर म्हणजे २०० अँपिअर. हे १२ फेजमध्ये (व्हीआरएममधल्या समांतर वाटांमध्ये) वाटले तर प्रत्येकीला साधारण १७ येतात, सहांमध्ये वाटले तर ३३. वहनातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून सहा फेजच्या बोर्डावर प्रत्येक फेज त्या हिशोबाने चौपट तापते. सॉकेटभोवतीचे चौकोनी चोक (कॉइलचे ठोकळे) मोजून फेज ठरवू नका, कारण काही बोर्डांवर एकाच सिग्नलवर दोन-दोन फेज चालतात आणि काही चोक प्रोसेसरच्या गाभ्यासाठी नसतातच. पॉवर स्टेज (फेजमधला प्रवाह सोडणाऱ्या चिप) किती अँपिअरचे, ५०, ७० की ९०, ते वेगळं शोधा. हीटसिंक फोटोत मोठा करून बघा: धातूचा ठोकळा आहे, त्याला पट्ट्या-खाचा आहेत, की वर नुसतं प्लॅस्टिकचं झाकण? माझ्या पहिल्या बोर्डावर अर्ध्या व्हीआरएमला हीटसिंकच नव्हता. ओव्हरक्लॉक झकास चाललाय या भ्रमात दोन आठवडे गेले. एकदा टेस्ट लावून एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारा प्रोग्राम) उघडा ठेवला, तर दहाव्या मिनिटाला वेग ४.६ वरून ३.२ वर. प्रोसेसर ७२ अंशांवर निवांत, व्हीआरएम ११२ वर. तेव्हापासून व्हीआरएमचं तापमान दाखवणारा सेन्सर नसलेला बोर्ड मी यादीतूनच काढतो. वॉटर कूलर लावणार असाल तर आणखी एक: एअर कूलरचा पंखा जाता जाता व्हीआरएमवरही वारा घालतो, तो वारा आता नसेल. कॅबिनेटच्या पंख्यांनी तो भरून काढायचा.

बायोस (बोर्डाची सेटिंग्ज सांभाळणारा त्याच्या आतला प्रोग्राम) कसा आहे हे विकत घेण्याआधी कुणी बघत नाही, पण बघावं. बोर्डाचं मॅन्युअल डाउनलोड करून लोडलाइन कॅलिब्रेशनचं पान काढा. लोड आला की व्होल्टेज खाली बसतं, १.३० ठेवलेलं १.२१ होतं आणि ब्लू स्क्रीन येतो. ते किती बसू द्यायचं याच्या पायऱ्या हव्यात. सगळ्यात कडक पायरी लावायची नाही, कारण लोड सुटताना व्होल्टेज उलट वर उसळतं. मधली कुठली तरी पुरते.

बायोसचे अपडेट नियमित येतात का, हेही पाहा. २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाले, तेव्हा एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ ची मर्यादा बायोसमधूनच आली. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या अस्थिरतेवरचा मायक्रोकोडही (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) असाच आला. बोर्डाच्या 'ऑटो' व्होल्टेजवर विसंबू नका, तो बरेचदा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतो.

चुका होणारच, म्हणून मागच्या बाजूला क्लिअर सीमॉस (बायोसची सेटिंग्ज मूळपदाला आणणारं) आणि बायोस फ्लॅशबॅक (बोर्ड सुरू होत नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस भरणारं) अशी बटणं असावीत, आणि बोर्डावर दोन अंकी एरर कोडचा डिस्प्ले. तो नसेल तर निदान चार डीबग दिवे. बटण नसल्यामुळे ग्राफिक्स कार्डाखालचा सीमॉस पुसायचा जंपर रात्री दोन वाजता स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने शोधून झालाय माझा.

रॅम बोर्डाच्या क्यूव्हीएल यादीतली (कंपनीने त्या बोर्डावर तपासलेली) घ्या, दोनच स्टिक, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. डीडीआर५ च्या चार स्टिक वेग खाली आणतात. बोर्डावर आठ पिनांचे दोन सीपीयू कनेक्टर असतील तर एसएमपीएसमध्ये तशा दोन केबल आहेत का ते आत्ताच मोजा.

बोर्ड आला की खोकं टाकू नका. परत करायची मुदत संपायच्या आत, काहीही न वाढवता, आधी मेमटेस्ट (रॅमची चाचणी) आणि मग तासभर ओसीसीटी (प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी चाचणी) चालवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाची (हार्डवेअर चुकल्याची) एकही नोंद दिसली तर मल्टिप्लायरला हात लावायचा नाही.